नवाब गेले, हॉकी मोहल्ल्यात राहिली

९ सप्टेंबर १९६०. रोम ऑलिंपिकमधल्या हॉकीचा अंतिम सामना. भारताच्या गोलात शंकर लक्ष्मण उभा होता. तो महूचा, फौजेतला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान. समोर पाकिस्तानचा सेंटर हाफ अन्वर अहमद खान. त्याला ओलांडून चेंडू पुढे जाणं इतकं अवघड, की ‘जिब्राल्टरचा खडक’ हे नाव त्याला चिकटलं होतं. हा खडक जन्मला होता भोपाळात. महू आणि भोपाळ यांच्यात जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर. तेरा वर्षांपूर्वी फाळणी झाली नसती, तर हे दोघं बहुधा एकाच संघात खेळले असते.

पूर्वार्धात नसीर अहमदनं केलेला एकमेव गोल शेवटपर्यंत फिटला नाही. १९२८पासून सलग तीस ऑलिंपिक सामने न हरलेला भारत तिथं पहिल्यांदा हरला. आपल्याकडे त्या पराभवाची चर्चा पुढं वर्षानुवर्षं झाली. भारताचे हल्ले मधेच मोडून काढणाऱ्या माणसाला हॉकीचं बाळकडू भोपाळनं पाजलं होतं, याची आठवण मात्र भोपाळबाहेर फारशी कुणी ठेवली नाही.

मराठी माणसाला भोपाळ म्हटलं की एक तर १७३७ सालची बाजीरावांनी केलेली निजामाची कोंडी आठवते, नाहीतर १९८४ची विषारी रात्र. मधली दोनशे-अडीचशे वर्षं आपण सहसा गाळतो. त्या गाळलेल्या वर्षांत या शहरानं एक खेळ असा काही आत्मसात केला, की देशाच्या संघात भोपाळचे दोन-दोन खेळाडू असणं ही नवलाची गोष्ट राहिली नाही. पुढं तो खेळ हातातून निसटलाही. आजही जुन्या शहरातल्या पटियांवर, म्हणजे घरांपुढच्या दगडी कट्ट्यांवर, रात्री उशिरापर्यंत गप्पा छाटणाऱ्यांना विचारलं, तर ‘भोपाळच्या मातीतच हॉकी आहे’ असं ठसक्यात सांगतील. मातीचा वाटा होताच, नाही असं नाही. पण नुसत्या मातीतून ऑलिंपियन उगवत नाहीत. कुणीतरी त्यांच्या पोटापाण्याची सोय लावलेली असते.

भोपाळात ती सोय लावली संस्थानानं. भोपाळच्या गादीवर शतकभर बायकांचं राज्य होतं. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि शेवटी सुलतान जहान. सुलतान जहान बेगमनं १९२६ साली गादी सोडली आणि धाकटा मुलगा हमीदुल्ला खान नवाब झाला. थोरले दोघे, नसरुल्ला आणि ओबैदुल्ला, १९२४ साली एकाच वर्षात वारले होते. त्यांच्या मुलांचा हक्क आधी की हयात असलेल्या धाकट्या मुलाचा, यावर बराच वाद माजला. आपली बाजू मांडायला बेगमसाहेबा थेट लंडन गाठून आल्या आणि अखेर धाकट्याच्या बाजूनं निकाल लागला. १९३१ साली भोपाळात हॉकीची एक मोठी स्पर्धा सुरू झाली आणि तिला नाव मिळालं ‘ओबैदुल्ला खान गोल्ड कप’. ज्या भावाच्या मुलांना डावलून गादी मिळाली, त्याच भावाच्या नावाचा सोन्याचा चषक! यात घरच्या जखमेवर फुंकर घालण्याचा हेतू असावा, असं मला आपलं वाटतं. दरबारी दप्तरात असल्या गोष्टी लिहून ठेवत नाहीत.

हमीदुल्ला शिकले अलिगडच्या मोहम्मेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात. त्या कॉलेजात क्रिकेट आणि हॉकी म्हणजे वेळ घालवण्याचं साधन नव्हतं. सभ्य तरुण घडवण्याचा तो भागच होता. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला गेलेले मसूद अलिगडचे, १९८४च्या लॉस एंजेलिस संघाचा कप्तान जफर इक्बालही अलिगडचा. हमीदुल्लांचा स्वतःचा जीव पोलोवर. १९३५ ते ३७ या काळात ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांचा नातू मन्सूर अली खान म्हणजे आपला टायगर पतौडी. तो जन्मला भोपाळात. हमीदुल्लांची मुलगी आबिदा सुलतान १९५०मध्ये पाकिस्तानात गेली आणि तिचा मुलगा शहरयार खान पुढं पाकिस्तान क्रिकेट मंडळाचा प्रमुख झाला. एकाच घरातले दोन नातू, एक इकडच्या क्रिकेटचा कप्तान, दुसरा तिकडच्या क्रिकेटचा कारभारी. पण हे विषयांतर झालं.

त्या काळी संस्थानिकांची हॉकी चालायची कशी, हे जरा नीट पाहायला हवं. चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला संस्थानाच्या फौजेत, पोलिसांत किंवा एखाद्या खात्यात चिकटवून घ्यायचं. हजेरी कचेरीत लागायची, काम मैदानावर. काठेवाडातलं माणावदर केवढंसं संस्थान, पण १९३६च्या ऑलिंपिक संघात त्याचे खेळाडू होते. बुंदेलखंडातल्या टीकमगढचा भगवंत क्लब असाच नावाजलेला. १९४८च्या सुवर्णविजेत्या संघाचा कप्तान किशनलाल, महूचाच, या क्लबातून खेळून पुढं आला. भोपाळचा संघ होता ‘भोपाळ वाँडरर्स’. अमेरिकेत जे काम विद्यापीठं करतात, म्हणजे पदरी संघ बाळगायचा, चांगली पोरं हेरून आणायची, त्यांचा खर्च उचलायचा आणि जिंकल्यावर मिरवायचं, ते काम आपल्याकडे या राजेरजवाड्यांनी केलं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर तिथलं एक उदाहरण भोपाळच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. शिकागो विद्यापीठाचा फुटबॉल संघ एकेकाळी दबदबा असलेला. एमॉस अलोन्झो स्टॅग नावाच्या प्रशिक्षकानं चाळीस वर्षं तो सांभाळला. आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला जो हाइजमन चषक देतात, तो पहिल्यांदा १९३५ साली मिळाला याच विद्यापीठाच्या जे बरवँगरला. मग विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी ठरवलं की अभ्यासाच्या जागी हे खूळ नको. संघ ढेपाळत गेला, १९३९मध्ये मिशिगननं त्याला ८५-० असं लोळवलं आणि त्याच वर्षाअखेर शिकागोनं मोठ्या फुटबॉलचा गाशा गुंडाळला. एक माणूस, एक निर्णय, एक तारीख. भोपाळच्या हॉकीला असं कुणी बंद केलं नाही. ती एका बाजूनं आटत असताना दुसऱ्या बाजूनं वाहतच होती, म्हणून तिचा ऱ्हास कुठं सुरू झाला ते पटकन दाखवता येत नाही.

आधी तिचा बहर. बर्लिनला ध्यानचंदच्या संघात भोपाळचे दोघं होते, अहसान मोहम्मद खान आणि अहमद शेर खान. जर्मनीला ८-१ हरवणाऱ्या शेवटच्या अकरा जणांत ते नव्हते, पण त्या दौऱ्याचं सुवर्णपदक भोपाळच्या घरात आलं ते आलंच. राष्ट्रीय अजिंक्यपद भोपाळनं दोनदा पटकावलं, १९४५ आणि १९४८ साली. पंजाब, बंगाल, मुंबई अशा दांडग्या प्रांतांच्या पंगतीत हे एकटं संस्थान बसत होतं. १९४८मध्येच लंडनला वेम्बली मैदानावर ब्रिटनला ४-० हरवणाऱ्या स्वतंत्र भारताच्या संघात अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान होते. दोघंही भोपाळकडून खेळणारे.

खेळ पिकायचा तो ऐशबागेत. जुन्या शहराच्या कडेला, रेल्वेमार्गालगतचा हा भाग. २०२५ साली ज्या काटकोनी वळणाच्या उड्डाणपुलानं देशभर हसं करून घेतलं आणि सात इंजिनिअर निलंबित झाले, तो पूल याच ऐशबागेतला. मैदान तेव्हा साधं, कोरडं. अशा मैदानावर चेंडू सरळ येत नाही. उसळतो, दडतो, ऐन वेळी वाट बदलतो. त्याला काठीला चिकटवून ठेवायचा असेल तर मनगट फार हलकं लागतं. म्हणून भोपाळी खेळाडूची ओळख मनगटाची, झुकांडीची. समोरच्याला एका अंगाला झुकवायचं आणि दुसऱ्या अंगानं निघून जायचं. लांब पास देणारा भोपाळात कौतुकाला पात्र नव्हता. तीन जणांना चकवून मग चेंडू गमावणाऱ्याला मात्र पटियावर रात्रभर दाद मिळायची. या आवडीनिवडीनं पुढं घात केला, पण त्या वेळी हॉकी म्हणजे हेच, असं सगळं जगच मानत होतं.

पहिला धक्का फाळणीचा. भोपाळ लगेच रिकामं झालं नाही. नवाबानं विलीनीकरण लांबवलं, विलीनीकरणासाठी आंदोलन झालं आणि १ जून १९४९ला संस्थान केंद्राच्या ताब्यात गेलं. त्यासरशी क्रीडाखातं, पगार, हजेरीपुरत्या नोकऱ्या सगळंच गेलं. बरेच खेळाडू कराचीकडे वळले. अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान यांच्याकडे १९४८चं भारताचं सुवर्ण होतं. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते अंतिम सामन्याला आले पाकिस्तानच्या बाजूनं. भारत तो सामना १-० जिंकला आणि या दोघांच्या गळ्यात पाकिस्तानचं रौप्य पडलं. चार वर्षांनी रोमला भोपाळच्याच अन्वरनं हिशेब फिरवला. एका शहरानं दोन देशांना ऑलिंपिक पदकं मिळवून द्यावीत, असं हॉकीत दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

नवाब गेले तर हॉकीही जायला हवी होती. माणावदरची गेली. टीकमगढची गेली. आज त्या गावांत हॉकीचा मागमूस शोधायला जुन्या माणसांना गाठावं लागेल. भोपाळची मात्र टिकली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. वीस वर्षांच्या राजाश्रयानं इथं एक गोष्ट करून ठेवली होती. हॉकी दरबारातून उतरून गल्लीत गेली होती. बाप खेळलेला, मामा खेळलेला, शेजारच्या घरी पदक. पोराच्या हातात काठी येण्यासाठी सरकारी योजना लागत नव्हती. मैदानाला भाडं नव्हतं, चेंडू जुना चालायचा, शिकवणारा मोहल्ल्यातच सापडायचा. गोल्ड कप कधी भरायचा, कधी त्यात खंड पडायचा, पण तो भरला की बाहेरचे नावाजलेले संघ दारात यायचे आणि आपण कुठं आहोत हे पोरांना समजायचं.

नोकरी मात्र आता बाहेर होती. १९५६ला भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झालं. १९६०ला नेहरूंच्या हस्ते भेलचा कारखाना सुरू झाला. शहर भेलच्या पिपलानी वसाहतीच्या दिशेनं वाढलं, नवी वस्ती वेगळ्या वळणाची होती. चांगले खेळाडू दिल्ली-मुंबईच्या संघांकडे, रेल्वेकडे, इंडियन एअरलाइन्सकडे निघाले. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात होता इनाम-उर-रहमान, भोपाळी ड्रिबलिंगचा अस्सल नमुना. त्यानंतर आला अस्लम शेर खान. बर्लिनच्या अहमद शेर खानचा मुलगा.

१९७५च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना क्वालालंपूरला. समोर यजमान मलेशिया, मैदान प्रेक्षकांनी तुडुंब भरलेलं, गवत पावसानं जड झालेलं. भारत १-२ मागे. वेळ संपत आलेली. पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर वाया चाललेले. संघाचे व्यवस्थापक होते बलबीरसिंग. त्यांनी मायकेल किंडोला बाहेर काढलं आणि बाकावर बसलेल्या एकवीस वर्षांच्या अस्लमला आत पाठवलं. कॉर्नर मिळालेला होता. अस्लमनं गळ्यातला तावीज बाहेर काढला, ओठांना लावला, परत आत सरकवला आणि आलेला चेंडू सणसणीत ठोकला. २-२. जादा वेळेत हरचरणसिंगनं विजयी गोल केला. दोन दिवसांनी, १५ मार्चला, ध्यानचंदचा मुलगा अशोककुमार याच्या गोलामुळं भारतानं पाकिस्तानला २-१ हरवलं. भारतानं जिंकलेला आजवरचा हा एकमेव पुरुष विश्वचषक. बापाच्या पिढीतले ध्यानचंद आणि अहमद शेर एका संघात, मुलांच्या पिढीतले अशोक आणि अस्लम एका संघात. भोपाळच्या हॉकीनं याहून उंच जागा नंतर पाहिली नाही.

अस्लमनं पुढं आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव ‘टू हेल विथ हॉकी’. ज्या माणसाला खेळानं सगळं दिलं त्यानं खेळालाच खड्ड्यात घालावं, यात हॉकी संघटनेतल्या राजकारणाचा किती वाटा असेल ते ओळखायला पुस्तक उघडायचीही गरज नाही. १९८४ला तो काँग्रेसतर्फे बैतूलमधून लोकसभेवर गेला. बैतूल म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्याला लागून असलेला, मराठी कानाला ओळखीचा मुलूख. नंतर नरसिंह रावांच्या सरकारात तो राज्यमंत्रीही झाला.

दरम्यान खेळाची जमीनच बदलली होती. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकला हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि भारत सातवा आला. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत, स्वतःच्या घरी पण टर्फवर, पाकिस्ताननं आपल्याला ७-१ फोडलं. टर्फवर चेंडू रुळावरून धावल्यासारखा सरळ येतो. तो काठीला चिकटवून ठेवण्याची करामत तिथं फारशी लागतच नाही. तिथं कामाला येतो वेग, दमसास आणि लांब पास. ज्या पासाला पटियावर कुणी दाद देत नव्हतं, नेमका तोच. त्यातून टर्फ बसवायचं म्हणजे कोट्यवधींचा मामला, वर ते रोज भिजवायला पाण्याच्या टाक्या. ऐशबागेच्या मागच्या गल्लीत ते परवडणार कुणाला? मोहल्ल्याला आजवर हॉकीसाठी कुणाकडे हात पसरावा लागला नव्हता. आता पहिल्यांदा लागला, आणि देणारा नवाब कधीच गेला होता. भोपाळच्या हॉकीचा कणा मोडला तो इथं, असं मी म्हणेन. फाळणीनं खेळाडू नेले होते, टर्फनं शाळाच बंद केली.

आणि मग २ व ३ डिसेंबर १९८४च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वाऱ्याबरोबर जुन्या शहरावर पसरला. रेल्वे स्टेशन, आसपासच्या वस्त्या, ऐशबाग. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्डांना गॅसबाधित ठरवलं गेलं. हॉकी याच वॉर्डांत नांदत होती. हजारो माणसं मेली त्या ठिकाणी खेळाचा हिशेब मांडणं बरं दिसत नाही, पण ज्या घरात छाती भरून श्वास घेता येत नाही त्या घरातलं पोर सेंटर हाफ कसं होणार, हा प्रश्न टाळताही येत नाही. दवाखाना, भरपाईचे कागद, कोर्टाच्या तारखा यांत त्या मोहल्ल्यांची पुढची कित्येक वर्षं गेली.

तरी अधूनमधून कुणी चमकून जायचा. १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारतानं बत्तीस वर्षांनी सुवर्ण मिळवलं. कप्तान खडकीचा धनराज पिल्ले, आणि आघाडीच्या फळीत भोपाळचा समीर दाद. समीर २००० साली सिडनी ऑलिंपिकही खेळला. २०१२मध्ये ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ नावाची व्यावसायिक लीग निघाली, तीत ‘भोपाळ बादशाह’ नावाचा संघ होता आणि त्यांचं घरचं मैदान ऐशबाग. लोकांनी हौसेनं गर्दी केली. लीगला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती, हॉकी इंडिया आणि तिच्या प्रतिस्पर्धी संघटनेचं भांडण चालू होतं. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबनं पुण्याच्या स्ट्रायकर्सना हरवलं आणि पहिलाच हंगाम शेवटचा ठरला. बादशाह एका मोसमाचे.

आज भोपाळात हॉकी आहे, आणि चांगली आहे. पण ती दुसऱ्या ठिकाणी आहे. २००६च्या सुमारास मध्य प्रदेश सरकारनं खेळांच्या अकादम्या काढल्या. त्यांचा कारभार चालतो नव्या शहरातल्या तात्या टोपे स्टेडियमवरून. भोपाळी लोक तात्यांच्या नावाचं टी. टी. करून मोकळे झालेत. पुरुष हॉकीची अकादमी भोपाळला, महिलांची ग्वाल्हेरला. मुलांचं राहणं, खाणं, शिकणं, काठ्या, बूट, टर्फ सगळं सरकारी. मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं होतं अशोककुमार यांना, १९७५च्या त्याच अशोककुमारांना. अकोल्याला एका स्पर्धेत त्यांना बारा-तेरा वर्षांचा एक काटकुळा मुलगा दिसला, विवेक सागर प्रसाद. इटारसीजवळच्या चांदोन गावचा, शिक्षकाचा मुलगा. त्याला ते भोपाळला घेऊन आले. त्याच अकादमीत मणिपूरहून आलेला नीलकांत शर्माही तयार झाला. ५ ऑगस्ट २०२१ला टोकियोत जर्मनीला ५-४ हरवून भारतानं एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवलं, त्या संघात हे दोघं होते. अकादमी भोपाळची, पण खेळाडू एक इटारसीकडचा, दुसरा इम्फाळकडचा. ऐशबागचा कुणी नव्हता.

टोकियोहून परतल्यावर राज्य सरकारनं विवेक सागरला एक कोटी रुपये जाहीर केले आणि पोलीस खात्यात डीएसपी नेमलं. खेळाडूला पोलिसांत घ्यायची ही रीत हमीदुल्ला खानांना अजिबात नवी वाटली नसती.